वजा बारा आठवडे

आमच्या वॉर्डात मला वजाबाकीबाई म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, ते नाव मला आवडायचं.

वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. अकरा काचपेट्या, पाळीला तीन सिस्टर, आणि बाहेरच्या बाकावर ओळीने बसलेल्या बाळांच्या आया. बाळ किलोभराचं झालं, श्वास नीट घ्यायला लागलं, की या बायका दुसऱ्या काळजीला लागतात. नणंदेच्या बाळाने तिसऱ्या महिन्यात मान धरली, माझं कधी धरणार? शेजारणीचं हसतं, माझं नुसतं छताकडे बघत बसतं. डॉक्टरांना विचारलं तर ते घड्याळाकडे बघत असं काही समजावत की बाई आधी होती त्याहून जास्त घाबरून परत यायची. मग माझी पाळी. मला समजावून सांगायची भारी हौस, आणि ते आपल्याला येतं असा माझा ठाम समज.

माझी युक्ती कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची. बाळ जितके आठवडे आधी जन्मलं तितके चिमटे पेटीच्या पायथ्याशी दोरीला लावायचे. "बाळ चाळीस आठवडे पोटात राहायला हवं होतं," मी सांगायचे. "तुझं अठ्ठाविसाव्यालाच बाहेर आलं. हिशेब सोपा आहे, हे बारा चिमटे. आठवड्याला एक काढायचा. शेवटचा निघेल त्या दिवशी आपलं बाळ जन्मलं असं धरायचं आणि वय तिथून मोजायचं. शेजारीण, नणंद, सासू, कुणी काही सांगो, त्यातून बारा वजा करायचे. म्हणजे जीव शांत राहतो."

आणि खरंच राहायचा. बायका चिमटे काढताना हसायच्या. घरी जाताना मी ते दोरीसकट त्यांना देऊन टाकायचे. इतकी वर्षं चाललं, कुणाचं काही बिघडलं नाही.

टिकली आली तेव्हा नऊशे ऐंशी ग्रॅमची होती. एवढीशी, म्हणून नाव टिकली. पहिले दहा दिवस ही काही राहत नाही असंच सगळे मनात धरून होते. ती राहिली, तेव्हा ते नाव जास्तच पक्कं झालं. बाप लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. सासूबाई करड्या स्वभावाच्या, पण नातीसाठी दुपारचं जेवण टाकून बाकावर येऊन बसणाऱ्या. आणि आई एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची.

त्या बाईसारखी नेटकी आई मी पाहिली नाही. दूध किती मिली गेलं ते डॉक्टरांच्या आधी तिला पाठ. हात कोपरापर्यंत धुवायचे म्हटलं की कोपरापर्यंत, बोटभरसुद्धा अलीकडे नाही. चिमट्यांचं तिला एकदाच सांगितलं. तिने क्षणभर दोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "कापडासारखंच की, सिस्टर. धुतल्यावर किती आटणार ते आधी धरायचं, मगच कात्री लावायची."

मी खूश झाले. पुढे नव्या आयांना समजवायला मी तिलाच पाठवायला लागले. "जा, त्या चार नंबरला सांग जरा, रडून रडून जीव खातेय माझा." ती जायची, चिमटे मोजून दाखवायची. मी लांबून बघायचे आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटायचे.

आता डोळ्यांचं सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यात रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. बाहेर आल्यावर काही बाळांत त्या वेड्यावाकड्या वाढतात, पडद्याला ओढ देतात आणि शेवटी पडदा भिंतीवरच्या ओल्या रंगासारखा सुटून येतो. बाळ सांगत नाही, वरून दिसत नाही. दर आठवडा-दोन आठवड्यांनी औषधाने बाहुली मोठी करून आत बघावं लागतं. वेळेवर सापडलं तर लेझर करतात आणि बहुतेक बाळं तरतात. पण ही वेळ दिवसांची असते, महिन्यांची नसते.

डोळ्यांचे डॉक्टर आमचे एकटे, आणि हॉस्पिटलं तीन. कधी बुधवारी येणार, कधी शुक्रवारी. मागे एकदा मी कार्डांवर तारखा लिहिल्या, नेमके त्या दिवशी डॉक्टर आले नाहीत, आणि सात आयांनी मला फाडून खाल्लं. तेव्हापासून कानाला खडा लावला. कार्डावर तारीख लिहायची नाही. वय लिहायचं, आठवड्यांत, आणि सांगायचं की आधी फोन करून वार विचारा.

टिकलीला आठव्या आठवड्याला घरी सोडलं. डॉक्टरांनी सकाळी डोळे बघितले. "काठावर थोडंसं सुरू झालंय. आज काही करायचं नाही. वय दहा आठवडे झालं की परत दाखवा. चुकवू देऊ नका, सिस्टर." एवढं मला सांगून ते पुढच्या हॉस्पिटलला पळाले. मी कार्ड लिहायला घेतलं. डाव्या बाजूला वय, उजव्या बाजूला काय अपेक्षित. सहा आठवडे, ओळखीचं हसणार. दहा आठवडे, डोळे तपासणी. सोळा आठवडे, मान धरणार. सुवाच्य अक्षर, एकाखाली एक.

हसण्यासाठी वय बघताना बारा वजा करायचे, मानेसाठी बघताना बारा वजा करायचे, आणि मधल्या ओळीसाठी काही वजा करायचं नाही. हे कार्डावर कुठे होतं? नव्हतं. माझ्या डोक्यात होतं. इतकं पक्कं होतं की ते तोंडातून बाहेर पडलंच नाही, हेही मला कळलं नाही. मी मोठ्या प्रेमाने काढलेले आठ आणि उरलेले चार, असे बाराही चिमटे दोरीसकट तिच्या पिशवीत घातले आणि म्हटलं, "लक्षात आहे ना?"

"कुणी काही सांगो, बारा वजा," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो.

अकराव्या आठवड्याला वहीत बघितलं तर टिकलीच्या नावापुढे खूण नव्हती. मी फोन लावला. नंबर बापाचा, तो कुठल्या तरी घाटात असणार, लागला नाही. दोन दिवसांनी पुन्हा लावला, लागला नाही. वहीत 'संपर्क नाही' असं लिहिलं. त्या दिवशी जुळी आली होती, दोघांना एकदम श्वासाचा त्रास. वहीचं पान उलटलं ते उलटलंच. लसींना ती नेमाने जात होती, हे मला फार नंतर कळलं. लसीच्या कार्डावर तारखा होत्या.

ती आली बुधवारी, सकाळी आठला, सगळ्यांच्या आधी. आदल्या दिवशी फोन करून वार विचारून आली होती. टिकली गुबगुबीत झाली होती, अंगात आईने शिवलेला पिवळा फ्रॉक. बाई थकलेली, पण तोंडावर शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा आनंद.

"सिस्टर, आज बरोबर दहा आठवडे झाले. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही."

मी आधी हसलेच. "किती मोठी झाली गं आमची टिकली," म्हणून हात पुढे केले. मग ते मोठं होणं डोक्यात शिरलं. दहा आठवड्यांचं बाळ एवढं नसतं, आमच्याकडचं तर नसतंच. मी तिला खिडकीशी नेलं. उजेड तोंडावर पडला. बाहुल्या काळ्याभोर असायला हव्यात. टिकलीच्या दोन्ही बाहुल्यांच्या आत पांढुरकं काहीतरी होतं, ताकाच्या निवळीसारखं. मी बोट डोळ्यांसमोरून नेलं. मग पुन्हा नेलं. त्याच क्षणी मला सगळं कळलं. एकही प्रश्न न विचारता कळलं. दहा अधिक बारा.

"काय झालं, सिस्टर?" तिने विचारलं.

"काही नाही. थेंब घालूया," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं. कपाळावरचा दिवा वर सरकवला. त्यांचा आवाज चढलाच. "बावीस आठवडे! अहो, दहाला बोलावलं होतं तुम्हाला!"

"दहाच झालेत, डॉक्टर," तिने शांतपणे पिशवीतून कार्ड काढलं. "बावीसातून बारा गेले. दहा."

डॉक्टरांनी कार्ड वाचलं. वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. अक्षर ओळखीचं होतं.

दुपारी बाप आला, ट्रक कुठेतरी वाटेत सोडून. सासूबाई आल्या. दोन्ही पडदे सुटलेत, हे डॉक्टरांनी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं आणि ते निघून गेले. व्हरांड्यात चौघं उरली, आणि दाराशी मी, हातात थेंबांची बाटली घेऊन.

"तुला कुणी सांगितलं होतं वजा करायला?" बापाने विचारलं.

मी वाट बघत होते. तिने नुसतं बोट दाखवायचं होतं. मी तिथेच होते, चार हातांवर.

ती कार्डाकडे बघत म्हणाली, "कुणी नाही. सिस्टरनी हसण्याचं सांगितलं होतं, मानेचं सांगितलं होतं. मीच डोळ्यालाही लावलं. माझीच अक्कल."

"मोजमापाची मोठी शहाणी ना तू," सासूबाई म्हणाल्या. ओरडून नाही, हळू. "वीतभर पोरीचे डोळे मोजता आले नाहीत तुला."

एक वाक्य पुरलं असतं. माझं हे तोंड, वॉर्डबॉयपासून मेट्रनपर्यंत कुणाला न घाबरणारं, फटकळ म्हणून नावाजलेलं, त्या दुपारी मूग गिळून बसलं. मी स्वतःला सांगितलं, आत्ता त्यांचं दुःख ताजं आहे, आत्ता नको. मग आत जाऊन बाटलीचं झाकण लावलं. ते उघडलेलं नव्हतंच.

मोठ्या हॉस्पिटलात मी त्यांच्याबरोबर गेले. सुट्टी काढून गेले. वॉर्डात सगळे म्हणाले, केवढी माया. माया नव्हती ती, टोचणी होती. तिथल्या सर्जनबाई वयस्क होत्या, कुणाला फसवत नव्हत्या.

"डावा डोळा हात लावण्यासारखा राहिलेला नाही. उजव्याचं करून बघू. पण एक नीट समजून घ्या. पडदा जागेवर बसणं वेगळं आणि दिसणं वेगळं. बसला तरी दिसेलच असं नाही. इतका उशीर झालेल्या डोळ्यांना पुष्कळदा फार तर उजेड-अंधार कळतो. कित्येकांना तोही नाही."

"इतका उशीर म्हणजे किती?" टिकलीच्या आईने विचारलं.

"तीनेक महिने."

"बारा आठवडे," ती म्हणाली. तिला चुकीचं माप सहन होत नसे.

सव्विसाव्या आठवड्याला ऑपरेशन झालं. अडीच तास. सर्जनबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पडदा बसलाय. बाप एवढा मोठा गडी, त्याने दारावरच्या शिपायाचा हात धरला आणि सोडेच ना. सासूबाई खाली फरशीवर बसल्या. टिकलीची आई मात्र माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "आता आजपासून मोजायचं ना, सिस्टर? डोळ्याचं वय आजपासून?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नाही म्हटलं नाही म्हणजे हो, असं तिने धरलं असणार. कुणीही धरलं असतं.

महिन्याभरात आमच्याकडे एक तरुण डॉक्टर आला. आजार फार पुढे गेलेल्या बाळांचं पुढे काय झालं, याची माहिती तो आठ हॉस्पिटलांतून गोळा करत होता. आम्ही त्याला निकालवाला म्हणायचो. चांगला मुलगा, चहा पिताना चष्मा काढून ठेवायचा आणि मग शोधत बसायचा. टिकलीचा फॉर्म त्याने माझ्यापुढे ठेवला. उजवा पडदा जागेवर: हो. निकाल: यशस्वी.

"कशात यशस्वी?" मी उसळलेच. "ती बघते का?"

"सिस्टर, बघण्याचा रकाना वेगळा आहे. तो वर्ष झाल्यावर भरायचा."

"मग हा शब्द तरी वर्षाने लिहा."

"पडदा बसला, म्हणजे ऑपरेशन यशस्वी. असंच लिहितात सगळीकडे," तो कानकोंडा होऊन म्हणाला. त्याच्यावर तोंड टाकून मला बरं वाटलं. कुणावर तरी ओरडायला हवंच होतं. मग त्याने पान उलटलं. उपचाराला उशीर होण्याचं कारण. चार चौकोन. पालकांचं दुर्लक्ष. लांबचं अंतर. बाळाचा दुसरा आजार. रुग्णालयाकडून चूक. तो चष्मा शोधत होता. मी पेन घेतलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली.

खूण सरळ, सुवाच्य आली. हेच मला अजून खातं.

त्यानंतर ती मला अधूनमधून फोन करायची. आता तिने स्वतःचा फोन घेतला होता. टिकली बसते, टिकली आवाज काढते, टिकली फार गोड आहे. घरचं विचारलं की जरा थांबायची. सासूबाई तिला टाकून बोलत नव्हत्या. त्यांनी फक्त टिकलीची औषधं स्वतःच्या कपाटात ठेवली होती. थेंब त्या घालत, तारखा त्या बघत, दवाखान्याची पिशवी त्या भरत. सुनेने बाटलीला हात लावला की त्या काही न बोलता हातातून काढून घेत. "बरोबरच आहे त्यांचं," ती म्हणायची. "माझ्यावर कसा विश्वास ठेवतील? मीच ठेवत नाही. परवा कारखान्यात चाळीस शर्टांची मापं तीन तीनदा घेतली." मी 'हं हं' करत ऐकायचे आणि वॉर्डातून हाक आल्याचं खोटंच सांगून फोन ठेवायचे.

वर्षाच्या तपासणीला मी त्यांना गुरुवारी सकाळी अकराला बोलावलं. या वेळी तारीख सांगितली होती. सून, सासू आणि टिकली. टिकली छान बसत होती, गालावर खळी. आणि बसल्या बसल्या मूठ वळून उजव्या डोळ्यात दाबत होती, मनगटापासून, खोल. न दिसणारी बाळं असं करतात. मी ते बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले.

डॉक्टरांनी आत बघून झालं. फॉर्मवर लिहिलं, पडदा जागेवर. 'उजेडाची जाणीव' या रकान्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. "बाकीचं सिस्टर भरून घेतील," म्हणाले आणि पुढच्या हॉस्पिटलला गेले.

"ते घाईत असतात हो," टिकलीची आई म्हणाली. "त्यांना ती दाखवत नाही. मला दाखवते. हे बघा." तिने पिशवीतून चिमटा काढला, माझाच, निळा. टिकलीच्या उजव्या बाजूला धरला आणि बोटांनी उघडमीट केला. टिकलीने लगेच मान वळवली. डाव्या बाजूला धरला, टिकली डावीकडे. "बघितलंत? चिमटा बघते ती. रोज करतो आम्ही."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं, हे मला त्या नजरेतून कळलं. घरात हे सांगायची त्यांचीही हिंमत झाली नव्हती.

मी चिमटा हातात घेतला. त्याची स्प्रिंग जुनी झाली होती, मिटला की कट्ट वाजायचा. मी तो आधी पाठीमागे नेऊन उघडला, तसाच दाबून धरला आणि टिकलीच्या डोळ्यांसमोर आणला. मग डावीकडे नेला. उजवीकडे नेला. टिकली समोर तोंड करून मूठ चोखत राहिली. मी सोडला. कट्ट. तिने झटकन मान वळवली आणि हसली.

मग तिची आई बोलायला लागली, भराभर, बोटांवर मोजत.

"बरोबर आहे ना, सिस्टर, अजून वेळ आहे. ऑपरेशन होऊन सव्वीसच आठवडे झालेत. डोळ्याचं वय सव्वीस. आणि ती बारा आठवडे आधीची. बारा वजा केले की चौदा. चौदा आठवड्यांचं बाळ कुठे एवढं बघतं? अजून वर्ष गेलं तरी..."

ती मोजतच होती. मी शिकवलेलं मोजत होती. मी गप्प राहिले असते तर ती बाई जन्मभर असंच काही ना काही वजा करत राहिली असती, आणि दर वेळी थोडी आशा उरली असती. ती आशा काढून घेणारी मी कोण, असंही वाटलं. पण समोर सासूबाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, आणि त्या पिशवीत टिकलीचे थेंब होते.

"वजा नको करू आता," मी म्हटलं. "डोळ्यांच्या वयातून काही वजा करायचं नसतं. तेव्हाही नव्हतं. ते मी तुला सांगितलं नाही. कुणी काही सांगो, बारा वजा, असं मी सांगितलं. कार्ड मी लिहिलं, तारीख मी घातली नाही, एका रांगेत मी लिहिलं. तू मी सांगितलं तसंच केलंस. अगदी तसंच. चूक माझी आहे."

तिचं मोजणारं बोट तसंच वर राहिलं.

"वर्ष लागलं तुम्हाला?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"व्हरांड्यात होतात तुम्ही. मी हिला बोलले तेव्हा. दाराशी उभ्या होतात."

"हो."

त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं, ओठ हलत होते. मी ऐकून घ्यायला तयार होते. पण त्यांनी पिशवीत हात घातला, थेंबांची बाटली काढली आणि सुनेपुढे धरली. "अकराचे राहिलेत," त्या म्हणाल्या. "घाल तू."

तिने बाटली घेतली. टिकलीचं डोकं मांडीवर टेकवलं, खालची पापणी ओढली आणि थेंब घातले. एक इकडे नाही की तिकडे नाही. मला वाटलं, आता ती रडेल, मला शिव्या देईल, काहीतरी होईल. मी रडत होते. ती नाही.

मी फॉर्म पुढे ओढला. चार चौकोनांच्या पानावर गेले, पहिल्या चौकोनातली खूण खोडली, चौथ्यात केली आणि खाली सही केली. मेट्रन पुढे काय म्हणाल्या आणि चौकशीत काय झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही. व्हायचं ते झालं. ती मात्र ते सगळं बघत होती, माझ्या पेनाकडे.

"हिचं वय काय लिहिणार?" तिने विचारलं.

"बावन्न आठवडे."

"त्यातून काहीच नाही काढायचं?"

"नाही. काहीच नाही."

तिने पेनावरची नजर काढली. मग सासूबाईंकडे वळली, गोंधळल्यासारखी.

"आई, म्हणजे आज वाढदिवस आहे हिचा. आपण बारा आठवड्यांनी धरला होता." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी फ्रॉकचं कापडसुद्धा आणलेलं नाही अजून."

मग तिने टिकलीला उचललं, तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "टिकले, एक वर्षाची झालीस गं तू." टिकलीने अचूक आवाजाकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी आईचे ओठ चाचपले. तिथेच, माझ्या टेबलापुढे, बाई रडायला लागली. पोरगी ते हलणारे ओठ धरून हसत राहिली, तिला वाटलं खेळ आहे.

बऱ्याच वेळाने ती उठली. चिमटा तिने टेबलावर ठेवला, नेला नाही. दारापर्यंत गेली आणि वळली. मी अजून वयाच्या रकान्यावर पेन टेकवून बसले होते.

"बावन्न लिहा," ती म्हणाली. "आणि पुढे तारीख लिहा, सिस्टर."

मी लिहिली.